आउटबोर्ड इंजिनाची उंची आणि पंख्याची कार्यक्षमता : एक ऐतिहासिक विवेचन

तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधकाचे नाव लवकर रुजते. त्याचे यंत्र उपयुक्त ठरविणारी मोजमापे मात्र उपेक्षित राहतात. होडीच्या मागील फळीवर बाहेरून बसविले जाणारे आउटबोर्ड इंजिन हे याचे बोलके उदाहरण होय. मूळचे नॉर्वेचे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे १.५ अश्वशक्तीचे असे इंजिन बाजारात आणले. (डेट्रॉईटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांचा प्रयत्न त्याआधीचा; कीर्ती मात्र एव्हिनरूड यांना लाभली.)

मोठ्या जहाजात पंख्याची खोली बांधणीच्या वेळीच निश्चित होते. आउटबोर्ड इंजिन मात्र कोणत्याही होडीला लावता यावे, हेच त्याचे वैशिष्ट्य. साहजिकच पंख्याची खोली फळीच्या उंचीवर अवलंबून राहिली. इंजिन फार खाली बसल्यास त्याचा पाण्यातील भाग अधिक रोध निर्माण करतो. फार वर बसल्यास पृष्ठभागावरील हवा पात्यांकडे ओढली जाते, इंजिनाचे फेरे वाढतात, पण होडीला जोर मिळत नाही. यातूनच पुढे १५ व २० इंच उंचीच्या फळ्यांसाठी आखूड व लांब दांड्याची इंजिने रूढ झाली. पंख्याच्या वर आडवी पट्टी आली. ती सामान्यतः होडीच्या तळाच्या पातळीत ठेवली जाते.

या पट्टीला सर्रास 'कॅव्हिटेशन प्लेट' म्हटले जाते. हे नाव चुकीचे आहे. कॅव्हिटेशनचा प्रश्न ठळक झाला तो इंग्लंडमध्ये, चार्ल्स पार्सन्स यांच्या १८९४ च्या 'टर्बिनिया' नौकेमुळे. तिचा एकमेव पंखा इतका वेगाने फिरे की, पात्यांवरील दाब घटून पाण्याचीच वाफ होई व पोकळ्या निर्माण होत. वेग २० नॉटपर्यंतही पोहोचेना. पार्सन्स यांनी काचेच्या खिडक्यांच्या टाकीत या पोकळ्यांचे निरीक्षण केले आणि तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन पंखे बसविले. १८९७ मध्ये स्पिटहेड येथील नौदल संचलनात तीच नौका सुमारे ३४ नॉट वेगाने धावली.

तेथील पोकळीत वाफ होती. लहान होडीच्या पंख्यात शिरते ती वरची हवा. पहिल्यावरील उपाय मुख्यतः पात्यांचे क्षेत्रफळ व फेरे यांत असतो, दुसऱ्यावरील इंजिन इंचभर खाली घेण्यात. नावाच्या गोंधळामुळे जेथे उंची बदलायची तेथे पंखाच बदलला जाण्याची शक्यता राहते. अर्थात हवा सर्वत्र शत्रूच ठरली असे नाही. आल्बर्ट हिकमन यांनी १९१० च्या दशकात 'सी स्लेड' या वेगवान नौकांवर अर्धवट पाण्याबाहेर फिरणारे पंखे हेतुपुरस्सर वापरले होते.