ज्या गलबताचा नकाशा नाही

लाकडी जहाजाचं मॉडेल बांधायचं मनात आलं, तर अमेरिकेत फार धावाधाव करावी लागत नाही. इथे कॅरीत, समुद्रापासून अडीच-तीन तास लांब बसून ऑर्डर द्या, आठवड्याभरात खोकं दारात. अमेरिकेची मॉडेल शिपवेज, स्पेनची आर्तेसानिया लातिना, इटलीची आमाती, डेन्मार्कची बिलिंग बोट्स, अशा कंपन्या कित्येक वर्षं हाच धंदा करताहेत. खोक्यात लेझरने कापलेलं प्लायवुड, बासवुडच्या किंवा अक्रोडाच्या पातळ पट्ट्या, पितळी खिळे, दोऱ्याची रिळं आणि घडी घातलेले मोठे नकाशे असतात. हत्यारंही मोजकीच लागतात: धारदार पात्याची लहान सुरी, बारीक दातांची करवत, बोटांनी फिरवायचा छोटा ड्रिल, चिमटे, क्लॅम्प, लाकडाचा गोंद आणि तीन-चार प्रकारचा पॉलिश पेपर.

आता या कंपन्यांच्या याद्यांत एक गुराब शोधून बघा. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराब, किंवा निदान एखादं गलबत. मला तरी कुठल्याच यादीत ती आढळलेली नाही. गिऱ्हाईक थोडं, हे कारण आहेच. पण त्याहून मोठं कारण खोक्यातल्या त्या नकाशांत दडलेलं आहे.

किटची पद्धत कशी असते ते आधी पाहू. मधोमध एक उभी फळी असते. तिच्या खाचांमध्ये दहा-बारा आडवे छेद बसवायचे, पाव कापल्यावर दिसणाऱ्या कापांसारखे. त्या त्या जागी जहाजाचं पोट केवढं आणि कसं आहे, ते प्रत्येक छेद सांगतो. मग छेदांच्या कडा पॉलिश पेपरने अशा घासायच्या, की एखादी लवचीक पट्टी नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत कुठेही न अडखळता टेकली पाहिजे. त्यानंतर पट्ट्या भिजवून, गरम करून, वाकवून एकेक चिकटवायच्या. जहाज मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळतं, म्हणून प्रत्येक पट्टीही टोकाकडे तासून अरुंद करावी लागते. या सगळ्याचा पाया म्हणजे ते दहा-बारा छेद. ते नकाशावरून येतात. युरोपीय आरमारांनी अठराव्या शतकात असे नकाशे काढले आणि जपून ठेवले. ब्रिटिश नौदलाचे हजारो नकाशे आज ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. नकाशा असेल तर किट निघतं, नसेल तर नाही.

त्या काळी कागदाला काय किंमत होती, ते मुंबईच्याच एका जहाजावरून कळतं. 1812 मध्ये ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या गोदीला 'एचएमएस त्रिंकोमाली' हे जहाज बांधायला सांगितलं. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून वाडिया घराणं तिथे जहाजं बांधत होतं. कारागीर तयार होते, मलबारचा साग होता. नकाशे मात्र इंग्लंडहून यायचे होते, आणि ते 'एचएमएस जावा' या जहाजावरून निघाले. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन'ने जावाला गाठून तिची चाळण केली. जावा शेवटी पेटवून द्यावी लागली, आणि तिच्याबरोबर नकाशेही गेले. मुंबईला नेमणुकीवर निघालेले जनरल थॉमस हिस्लॉप याच जहाजावर होते आणि अमेरिकनांच्या हाती कैद झाले. पाच वर्षांनी, 21 डिसेंबर 1817 रोजी, महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारे इंग्रज सेनापती तेच. त्रिंकोमालीसाठी नकाशांची दुसरी प्रत आली, 1816 मध्ये काम सुरू झालं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरलं.

ती सागवानी त्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे पहिले नकाशे बुडवणारी कॉन्स्टिट्यूशन बॉस्टनला आहे. या कॉन्स्टिट्यूशनची किट प्लॅस्टिकपासून लाकडापर्यंत हवी तशी मिळतात. मॉडेल शिपवेजचं बांधून झालं की जवळजवळ चार फुटांचं होतं.

आंग्र्यांच्या जहाजांची गोष्ट याच्या नेमकी उलट. कोकणच्या बांधणीकारांचं ज्ञान डोळ्यांत, हातांत आणि तोंडी मापांत होतं. जहाज वाईट होतं म्हणून नकाशा नाही, असं नव्हे. बांधायला नकाशा लागतच नव्हता. पुढे फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर स्वारी केली, तेव्हा हे आरमार बंदरातच जळालं. कागद नव्हता, आता लाकूडही राहिलं नाही.

मग आपल्या हाती काय उरतं? रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने केलेलं वर्णन उरतं. तो सांगतो की गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. दोन काठ्यांची गुराब सुमारे 150 टनांची, तीन काठ्यांची 300 टनांपर्यंत. पुढे लांब चोच असे आणि तिच्यावरून नेम धरणाऱ्या तोफा मागच्या भिंतीतून डोकावत, म्हणजे पाठलाग करतानाही मारा चालू. गलबत लहान, क्वचितच 70 टनांच्या वर. त्याला एक प्रचंड त्रिकोणी शीड, हलकेपणासाठी चिरलेल्या बांबूचा डेक, आणि 40 ते 50 वल्ही. वाऱ्याशिवायही ते ताशी चार मैल जाई. याखेरीज विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली, 100 मीटरांहून लांब अशी मराठ्यांची गोदी आहे. बोरिवलीजवळ एकसरला त्याच्या कितीतरी आधीचे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. आणि एदमों पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने 1840च्या दशकात प्रसिद्ध केलेली, आशियातल्या नौकांची मोजून काढलेली चित्रं आहेत. त्यांत आपल्या किनाऱ्यावरची पातेमारीही आहे.

एवढ्यावर मॉडेल होतं का? होतं, पण मग पावलोपावली इतिहासाचे प्रश्न सोडवावे लागतात. लांबीचंच घ्या. गलबताची लांबी ऑर्म सांगत नाही. पण 40 ते 50 वल्ही म्हणजे एका बाजूला 20 ते 25. माणसाला बसून वल्हं ओढायला साधारण एक मीटर जागा लागते. म्हणजे नुसती वल्ह्यांची रांगच 20 ते 25 मीटर झाली. 1:48 या प्रमाणात टेबलावर 42 ते 52 सेंटिमीटर. पुस्तक वाचताना आपण '50 वल्ही' या शब्दांवरून पुढे निघून जातो. लाकूड कापायला बसलं की तसं जाता येत नाही.

बांधणीचंही तसंच. किटमध्ये आधी सांगाडा, मग फळ्या. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या पद्धतीत बरेचदा आधी फळ्यांचं कवच उभं राहायचं आणि बरगड्या मागाहून आत बसायच्या. मॉडेलमध्ये हे करता येतं: पुठ्ठ्याचे किंवा प्लायवुडचे तात्पुरते साचे उभे करा, पट्ट्या फक्त एकमेकींना चिकटवा, साचे काढून घ्या आणि मग बरगड्या बसवा. डेकसाठी ग्रोसरीत मिळणाऱ्या बांबूच्या काड्या उभ्या चिराव्यात. दोराचा रंगही विचार करून निवडावा. युरोपीय जहाजांच्या मॉडेलमध्ये डोलकाठ्या ताणून धरणारे दोर काळे असतात, कारण ते डांबरात बुडवलेले असत. ते डांबर आपल्या या नॉर्थ कॅरोलिनाच्या पाइनच्या जंगलांतून जाई. 'टार हील' हे इथलं टोपणनाव त्याच धंद्याची आठवण आहे. कोकणातला दोर काथ्याचा, तपकिरी.

हा खटाटोप नुसती हौस वाटेल, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. जून 1718 मध्ये ब्लॅकबिअर्डचं 'क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज' ब्युफोर्टजवळ वाळूत रुतलं. 1996 मध्ये त्याचे अवशेष सापडले. तोफा वर काढल्या गेल्या, आणि आज कॅरीतली आपली मुलं ब्युफोर्टच्या संग्रहालयात ते सगळं बघून येतात. त्याच 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरीवर चालून गेला आणि हात हलवत परतला. इंग्रजांच्या कागदांत ब्लॅकबिअर्डही चाचा आणि कान्होजीही चाचा. पण कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना घ्यावा, एवढं त्यांचं म्हणणं होतं, आणि पोर्तुगीज तर दोनशे वर्षं तेच करत आले होते. मुलांना हे सांगायला गेलं की ती विचारतात, त्यांचं जहाज कसं होतं? या प्रश्नाला आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नसेल, तर इंग्रजी कागदाचंच म्हणणं शिल्लक राहतं.

तेव्हा पहिल्यांदाच बांधत असाल, तर आधी एखादं लहान किट पूर्ण करा, म्हणजे हात बसेल. मग पारीच्या चित्रांवरून पातेमारी बांधा आणि त्यानंतर गलबत. गुराब सगळ्यात शेवटी. आणि बांधून झाल्यावर खालच्या पाटीवर दोन रकाने ठेवा: एकात पुराव्याने ठरलेलं, दुसऱ्यात आपल्या अंदाजाने केलेलं. दुसरा रकाना मोठा होईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या बांधणाऱ्याला काम कुठून सुरू करायचं, ते त्यावरूनच कळेल.