मातीवरचा खो, मॅटवरचा खो

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली खो-खोच्या नियमांची चौकट आखली गेली. आपण डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला स्पर्धेला जायचो तेव्हाही खेळ मातीचाच होता. चुन्याच्या रेघा, सोललेले गुडघे आणि संपता न संपणारी नऊ मिनिटांची पाळी!

२०२२ च्या अल्टिमेट खो-खोने सात मिनिटांची पाळी आणि मॅटवरचा खेळ टीव्हीवरून घरोघरी नेला. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. (त्या रविवारी माझ्याकडे स्वयंपाक झालाच नाही.)

गेल्या महिन्यात शाळेत सराव पाहिला. यंदाच्या मुली पळतीत आपल्याहून सरस आहेत. पहिली तुकडी सहज तीन मिनिटं काढते. पाठलागात मात्र खांबाशी सूर मारायला कचरतात. कचरणारच, खाली जमीन दगडासारखी आहे, आणि पुढचे मोठे सामने मॅटवर. बाई म्हणाल्या, "पंधरा दिवस मॅट मिळाली तर उपांत्य फेरी नक्की."

भाड्याचं मी विचारते आहे. टेम्पोचं कोण बघतंय?