गणेशपुरीचे नित्यानंद: शब्द आणि साक्ष

ठाणे, कल्याण, भिवंडीकडच्या अनेक देवघरांत भगवान नित्यानंदांची तसबीर असते. तिच्याखाली बहुधा एखादं वचनही छापलेलं असतं. ते त्यांचंच कशावरून, हे मात्र कुणी विचारत नाही. स्वतः त्यांनी एकही ग्रंथ लिहिलेला नाही. जन्माची नोंद नाही, आणि केरळातल्या कोयिलांडी परिसरातलं बालपण आपल्यापर्यंत आलं ते परंपरेतून.

शिकवणीचा सर्वांत जुना लेखी आधार म्हणजे ‘चिदाकाश गीता’. 1920 च्या दशकात मंगळूरला ते बोलत, तेव्हा तुळशीअम्मा आणि इतर भक्तांनी कन्नडमध्ये टिपणं केली. त्यांतून हा ग्रंथ झाला. वाक्यं तुटक आहेत, तेच मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, मध्येच आगगाडीचे दाखले निघतात. मला ही ओबडधोबड ठेवणच विश्वासाची वाटते, कारण मागाहून रचलेली वचनं सहसा फार गुळगुळीत असतात. आशय अद्वैताचा आहे: जीव आणि शिव वेगळे नाहीत, भेद मनाचा आहे, बाहेरचा गुरू निमित्तमात्र आणि खरा गुरू आतच. त्याला प्राण आणि कुंडलिनीच्या योगाची जोड आहे. तरीही ही ऐकणाऱ्यांनी टिपलेली वाणी आहे, हे विसरून चालणार नाही.

ठाणे जिल्ह्यातली साक्ष निराळ्या जातीची आहे. तानसाकाठची गरम पाण्याची कुंडं जुनीच. तिथल्या वज्राबाईचं, म्हणजे वज्रेश्वरीचं, वर्णन 1882 च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये सापडतं. नित्यानंद आधी वज्रेश्वरी-अकलोलीला राहिले, मग 1936 च्या सुमारास गणेशपुरीत भीमेश्वर मंदिराजवळ आले. इथे त्यांचं बोलणं कमी होत गेलं. म्हणून इथला पुरावा शब्दांपेक्षा कामांत शोधावा लागतो: डागडुजी केलेली कुंडं, शाळा, दवाखाना, मुलांसाठीचं बालभोजन. एम. डी. सुवर्ण यांनी काढलेली त्यांची छायाचित्रं हा दुसरा मोठा आधार.

आठवणींची पुस्तकं याच्या नंतर येतात. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांनी 15 ऑगस्ट 1947 च्या आपल्या दीक्षेचा अनुभव ‘चित्शक्तिविलास’मध्ये मांडला, तो दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर. कॅप्टन हटंगडींनी जुन्या भक्तांच्या आठवणी मिळवून 1980 च्या दशकात इंग्रजीत चरित्र लिहिलं. दोन्ही मोलाची आहेत, पण मंगळूरच्या टिपणांइतकं वजन मी त्यांना देणार नाही. मुक्तानंदांच्या पुस्तकात गुरूइतकाच शिष्यही दिसतो.

अखेरच्या तारखेबद्दल वाद नाही. 1961 च्या गुरुपौर्णिमेनंतर दोन आठवड्यांच्या आत, 8 ऑगस्टला, गणेशपुरीतल्या बंगलोरवाला इमारतीत त्यांनी देह ठेवला.

त्या काळी गणेशपुरीला जाऊन आलेल्यांच्या घरी अजून फोटो, पत्रं, डायऱ्या असतील. त्या रद्दीत घालू नका. फोटोमागे साल लिहा, आठवण सांगणाऱ्याचं नाव लिहा, आणि ऐकलेलं कोणतं व पाहिलेलं कोणतं तेही लिहून ठेवा.