डिझेल पिकअप : डायनो चाचणी व ट्यूनिंग

गाडी जागच्या जागी पट्ट्यांनी आवळून, मागची चाके लोखंडी रोलरवर चढवून, इंजिनाची शक्ती रस्त्यापर्यंत किती पोहोचते हे मोजण्याची आणि त्या मोजणीवरून इंधनपुरवठा फेरजुळवण्याची पद्धत. मोजणाऱ्या यंत्राचे पूर्ण नाव डायनामोमीटर, बोलीत डायनो. पद्धत कोणत्याही गाडीला लागू पडते, पण तिचा छंद, धंदा आणि बाजार झाला तो मुख्यतः अमेरिकेत, तिथल्या जाडजूड डिझेल पिकअप गाड्यांभोवती. आपल्याकडे ‘पिकअप’ म्हटले की मागे हौदा असलेली गाडी आठवते, आणि गॅरेजात ‘गाडीला पिकअप नाही’ म्हटले की तिचा उठाव. या नोंदीचा संबंध दोन्हींशी आहे.

शक्ती मोजायची तर ती कशाने तरी अडवावी लागते. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ च्या सुमारास फिरत्या दांड्याला लाकडी चिमट्याने ब्रेक लावून ही मोजणी केली. विल्यम फ्रूड याने १८७७ मध्ये लाकडाच्या जागी पाणी आणले. माहितीपत्रकातल्या ‘बीएचपी’तला ‘बी’ म्हणजे हाच ब्रेक. कारखान्यात इंजिन गाडीबाहेर काढून थेट डायनोला जोडतात, आणि कंपनी जाहीर करते तो आकडा तिथला. पिकअपवाल्यांचा डायनो मात्र चाकांखालचा. गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा खाऊन जे उरते तेवढेच त्याला दिसते. ही घट पंधरा ते वीस टक्के धरण्याचा रिवाज आहे. तो अंदाजच आहे, नियम नव्हे. तरी चाकांवरचा आकडा त्या हिशेबाने फुगवून ‘इंजिनाचा’ म्हणून सांगणारे कमी नाहीत.

चाकांखालच्या डायनोचे दोन प्रकार. पहिल्यात माहीत वजनाचे एक जड पिंप असते. गाडीने ते किती झपाट्याने फिरवले यावरून शक्तीचे गणित निघते. डायनोजेट या अमेरिकन कंपनीची अशी यंत्रे सर्वांत जास्त पसरली. दुसऱ्यात पिंपाला विद्युत्‌चुंबकीय ब्रेक जोडलेला असतो आणि चालवणारा हवा तेवढा भार टाकू शकतो. पेट्रोल मोटारसायकलला पहिला प्रकार पुरतो. मोठा टर्बो (एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे यंत्र) बसवलेल्या डिझेलला तो बऱ्याचदा पुरत नाही. टर्बोला फिरायला गरम एग्झॉस्ट हवा, तो यायला इंजिनावर भार हवा. नुसते पिंप इतक्या लवकर वेग घेते की टर्बो जागा होईतो इंजिनाच्या फेऱ्या संपत आलेल्या असतात. म्हणून आधी ब्रेकने गाडी दाबून धरतात, टर्बोचा दाब चढला की सोडतात. त्यामुळे एकच गाडी दोन ठिकाणी दोन आकडे देते आणि दोन्ही ठिकाणचे लोक आपापल्या जागी बरोबर असतात.

डिझेलचा डायनो-आलेख पेट्रोलच्या आलेखाहून वेगळा दिसतो, त्यामागे साधे अंकगणित आहे. टॉर्क, म्हणजे दांडा पिळण्याचा जोर, पाउंड-फुटांत मोजला, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले आणि ५,२५२ ने भागले की अश्वशक्ती मिळते. म्हणजे ५,२५२ फेऱ्यांवर दोन्ही आकडे सारखे, आणि त्याच्या निम्म्यावर, २,६२६ ला, टॉर्क बरोबर दुप्पट. पेट्रोल गाडीच्या कागदावर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. मूळ स्थितीतले पिकअपचे डिझेल साडेतीन हजार फेऱ्यांच्या अलीकडेच दमते, म्हणून तिथे टॉर्कची रेषा शेवटपर्यंत वरच राहते. १,६०० फेऱ्यांवर १,००० पाउंड-फूट (१,३५६ न्यूटन-मीटर) टॉर्क ऐकायला दांडगा वाटतो. त्या क्षणाची अश्वशक्ती असते ३०५. ओझे ओढणाऱ्याचे लक्ष टॉर्कच्या रेषेच्या डाव्या टोकावर, शर्यतवाल्याचे अश्वशक्तीच्या उजव्या टोकावर. आलेख वाचायचा तो असा. कोपऱ्यात ठळक छापलेला सर्वोच्च आकडा त्यातला सर्वांत कमी बोलका भाग असतो.

आणखी एक अडचण खास डिझेलचीच. पेट्रोल इंजिनाच्या प्लगच्या वायरीला चिमटा लावला की फेऱ्यांचा संकेत मिळतो. डिझेलला प्लगची ठिणगीच नसते. फेऱ्या गाडीच्या संगणकातून किंवा पुलीवर चिकटवलेल्या चमकत्या पट्टीवरून घ्याव्या लागतात. तो संकेत चुकला तर पिंपावरून शक्ती कळते, पण टॉर्क काढता येत नाही. डिझेलच्या कित्येक डायनो-पावत्यांवर टॉर्कची रेषा गायब असते ती त्यामुळे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर ऐन वेळी सुटला तर रेषेला भलताच उंचवटा येतो, आणि अननुभवी मालक त्यालाच कमाई समजतो.

हवामानाची दुरुस्ती हा वादाचा कायमचा विषय. उष्ण दिवशी किंवा उंच ठिकाणी हवा विरळ असते, म्हणून आलेला आकडा एका ठरावीक हवेला आणून ठेवतात. एसएई जे१३४९ या मानकात ती हवा २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल दाबाची असते. जुन्या ‘एसटीडी’ पद्धतीत ती अधिक थंड व दाट मानलेली असल्याने तिचा आकडा सुमारे चार टक्के जास्त निघतो. समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवरच्या डेन्व्हरमध्ये जे१३४९ चा गुणक १.२ च्या आसपास जातो. साध्या श्वासाच्या इंजिनाला तो न्याय्य आहे. टर्बो मात्र विरळ हवेची बरीचशी भरपाई स्वतःच करतो. त्याच्या आकड्याला वर वीस टक्के जोडणे म्हणजे एकाच कामाची मजुरी दोनदा घेणे. म्हणून जाणते डिझेलवाले दुरुस्तीविना आकडा मागतात. त्याहून जाणते एवढेच म्हणतात की बदलाच्या आधी आणि नंतर त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून मोजा आणि फक्त फरक सांगा.

ट्यूनिंग. डिझेलमध्ये हवा अडवून शक्ती कमीजास्त करत नाहीत. जितके इंधन टाकाल तितकी शक्ती, आणि ते जाळायला हवा पुरली नाही की काळा धूर. म्हणून ट्यूनिंग म्हणजे मुळात इंधन किती, केव्हा आणि किती वेळ सोडायचे याचा हिशेब. या छंदाचा पाया १९८९ च्या मॉडेलात पडला. डॉज कंपनीने आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन घातले. अश्वशक्ती फक्त १६०, पण टॉर्क ४०० पाउंड-फूट. ते मध्यम ट्रक व यंत्रसामग्रीसाठी घडवलेले ओतीव लोखंडाचे इंजिन होते, आणि पिकअपला लागणाऱ्या ताकदीपेक्षा त्याच्या अंगात बरेच शिल्लक होते. १९९४ ते ९८ च्या गाड्यांवर बॉशचा पी७१०० पंप आला. त्यात संगणक नाही. इंधनाची मर्यादा ठरवणारी पोलादी पट्टी घासून किंवा बदलून आणि फेऱ्यांवर लगाम ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा कडक करून गाडीचा नूर पालटता येई. घरामागच्या अंगणात पान्याने होणारे हे ट्यूनिंग आजही काहींना खरे ट्यूनिंग वाटते, आणि तो केवळ स्मरणरंजनाचा भाग नाही: त्या पंपाची इंधन फेकण्याची ताकद शर्यतीत अजून वापरात आहे.

जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्सने २००१ मध्ये आणि कमिन्सने २००३ मध्ये कॉमन रेल प्रणाली आणली. सर्व नोझलांना एकाच नळीतून सतत दाबाखालचे इंधन मिळू लागले (सुरुवातीच्या कमिन्समध्ये सुमारे १,६०० बार) आणि नोझल उघडण्याची वेळ संगणक ठरवू लागला. पान्याची जागा लॅपटॉपने घेतली. ट्यूनर आता कोष्टके बदलतो: रेलचा दाब, इंधनाची मुख्य फवारणी सुरू होण्याचा कोन, त्याआधीची छोटी फवारणी, नोझल उघडे राहण्याचा काळ, टर्बोच्या पात्यांची स्थिती, गिअरबॉक्सचा दाब. यातली खरी मेख काळाची. ३,००० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला १८,००० अंश फिरतो. एक अंश म्हणजे सुमारे ५६ मायक्रोसेकंद. नोझल २,००० मायक्रोसेकंद उघडे ठेवले तर इंधन पडत राहते तब्बल ३६ अंश, तोवर पिस्टन बराच खाली उतरलेला असतो. उशिरा पडलेले इंधन पिस्टनला ढकलत नाही, एग्झॉस्ट तापवते. म्हणून नुसत्या सॉफ्टवेअरने ठरावीक मजलच मारता येते. पुढे जायचे तर मोठ्या भोकांची नोझले लावून तेवढेच इंधन कमी वेळात ओतावे लागते. मग जास्त पुरवठ्याचा पंप येतो, मग मोठा टर्बो किंवा लहान-मोठ्या टर्बोंची जोडी, मग क्लच किंवा गिअरबॉक्स. हजार अश्वशक्तीच्या इंजिनाला मिनिटाला साडेतीन लिटरहून जास्त डिझेल लागते, यावरून पंपाच्या कामाची कल्पना यावी.

डायनोवर ट्यूनरचा एक डोळा एग्झॉस्टच्या तापमानावर असतो. टर्बोच्या आधी १,२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७७ सेल्सिअस, ही ओझे ओढताना सलग सोसण्याची प्रचलित मर्यादा. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि बहुतेक पिकअपचे पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. एग्झॉस्टचे तापमान म्हणजे पिस्टनचे तापमान नव्हे, खालून तेलाचे फवारे त्याला थंड ठेवतात. तरी दहा सेकंदांच्या चाचणीत निभावलेले ट्यून मागे घोड्यांचा ट्रेलर जोडून घाट चढताना निभावेलच असे नाही. कमी फेऱ्यांवर एकदम जास्त इंधन देणे तर दिसायला सर्वांत आकर्षक आणि इंजिनाला सर्वांत घातक. पहिल्या पिढीच्या ड्युरामॅक्समध्ये सहाशे अश्वशक्तीच्या आसपास कनेक्टिंग रॉड वाकतात, फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये हेड उचलले जाऊन गॅस्केट जाते, हे गॅरेजातले ठोकताळे अशाच महागड्या अनुभवांतून आले. डायनोच्या खोलीत चाकांच्या रेषेत कोणी उभे राहत नाही, आणि इंजिन स्वतःच्याच तेलावर बेलगाम धावू लागले तर हवेची वाट बंद करणारी झडप हाताशी ठेवतात. अशा वेळी चावी फिरवून काही होत नाही.

या साऱ्याची जत्रा म्हणजे स्पर्धा. २०१६ पासून भरणाऱ्या अल्टिमेट कॉलआउट चॅलेंजमध्ये एकाच पिकअपला ड्रॅग शर्यत, डायनो आणि वजन लादलेली स्लेड (घसरगाडी) ओढणे या तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तिथले डायनोचे आकडे दोन हजार अश्वशक्ती ओलांडून गेले आहेत. अशी इंजिने बहुधा डिझेलच्या जोडीला नायट्रस ऑक्साइड घेतात. तो वायू इंधन नसून प्राणवायूचा पुरवठादार आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र या आकड्यांपेक्षा अमेरिकन इंजिन-ट्यूनर गेल बँक्स यांची २००२ ची कामगिरी मोठी वाटते. त्यांच्या कारखान्यात बांधलेल्या डॉज डकोटा पिकअपने, कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनावर, बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी २१७ मैलांचा (३४९ किमी) विक्रम केला, आणि तिथपर्यंत ती सामानाचा ट्रेलर स्वतः ओढत रस्त्याने गेली होती.

कायद्याची बाजू कडू आहे. २००७ नंतरच्या गाड्यांत काजळी गाळणारे फिल्टर आणि पुढे नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा आली. ती काढून टाकून संगणकाला गप्प करणारे ‘डिलीट’ ट्यून हा मोठा बाजार झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालात आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची अशी मोडतोड झाल्याचा अंदाज आहे. त्या गाड्यांच्या आयुष्यात नायट्रोजन ऑक्साइडचे ५ लाख ७० हजार टन जादा उत्सर्जन होईल असे त्यात म्हटले आहे. स्वच्छ हवा कायद्याखाली हे बेकायदा आहे, आणि मुद्दाम काळे लोट सोडण्याच्या प्रकारावर न्यू जर्सीने २०१५ मध्ये वेगळी बंदी घातली. दोष फक्त गॅरेजवाल्यांचा नव्हे: रॅम पिकअपच्या इंजिनांत उत्सर्जन-चाचणीला चकवणारे सॉफ्टवेअर बसवल्याच्या आरोपावरून खुद्द कमिन्सने १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केले. उत्सर्जन यंत्रणा शाबूत ठेवून केलेले ट्यूनिंगही मिळते. त्यात कमाई थोडी, म्हणून त्याची चर्चाही थोडी.

महाराष्ट्रात कमिन्स हे नाव परके नाही. किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये उभी राहिली, आणि वाहनांच्या सरकारमान्य चाचण्या करणारी ‘एआरएआय’ ही संस्था त्याच भागातल्या टेकडीवर आहे. नव्वदच्या दशकात टाटा-कमिन्स भागीदारीतून तेच ५.९ लिटरचे इंजिन टाटांच्या ट्रकांत आले. अमेरिकेतले हौशी लोक ज्याच्याकडून दोन हजार अश्वशक्ती काढू पाहतात त्याच घराण्याचे इंजिन इथल्या महामार्गांवर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ताकदीवर ऊस, कांदा आणि सिमेंट ओढत आले. त्या ट्रकाने काळा धूर सोडला की चालक पंपवाल्याकडे जाऊन नोझले तपासून घेतो.