‘भाड्याने देणे आहे’

इतिहासाची साधने म्हणून आपण बखरी, सनदा व सरकारी दप्तरे चाळतो. परंतु वर्तमानपत्रातील घरभाड्याच्या जाहिरातींतही समाजाचे मन उमटलेले असते. अमेरिकेचा या बाबतीतील इतिहास मोठा बोधप्रद आहे.

यादवी युद्धानंतर, १८६६ साली, तेथील कृष्णवर्णीयांना घर विकत वा भाड्याने घेण्याचा गोऱ्यांइतकाच हक्क कायद्याने मिळाला. पण तो शंभर वर्षे बहुतांशी कागदावरच राहिला. कृष्णवर्णीयांना घर न देण्याच्या अटी खरेदीखतांतूनच लिहिल्या जात. न्यायालयांनी त्या अमलात आणू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ठरविले. तरी मालकाचा नकार कायमच होता.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि रखडलेले विधेयक ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने कायदा बनले. वंश, वर्ण, धर्म वा मूळ राष्ट्र पाहून घर नाकारणे बेकायदा ठरले. मालक स्वतः राहत असलेल्या, चारपेक्षा जास्त बिऱ्हाडे नसलेल्या घरास या कायद्यात सूट होती. जाहिरातीपुरती मात्र त्यालाही सूट नव्हती! मेरीलँडमधील एका वृत्तपत्राने ‘गोऱ्यांच्या घरात’ जागा असल्याची जाहिरात छापली, तेव्हा संपादकाने वृत्तपत्र-स्वातंत्र्याची ढाल पुढे केली. १९७२ साली अपील न्यायालयाने ती मानली नाही. जाहिरात देणाऱ्याप्रमाणेच छापणाराही जबाबदार ठरला.

यातील मर्म उघड आहे. दारातला नकार एकास जखमी करतो. छापलेला नकार वाचणाऱ्या प्रत्येकास.

छपाई थांबली, तरी ‘जागा गेली’ ही थाप उरलीच. ती उघडी पाडण्यासाठी एक गोरा व एक कृष्णवर्णीय असे दोघे त्याच जागेची चौकशी करीत. अशा चौकशीत खोटे सांगितले गेलेल्या कृष्णवर्णीयालाही दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले.

आपल्या राज्यघटनेचे पंधरावे कलम शासनाला धर्म वा जातीवरून भेद करण्यास मनाई करते. दुकाने, उपाहारगृहे व पाणवठेही सर्वांना खुले करते. खाजगी घरमालकाचा मात्र त्यात उल्लेख नाही. शिक्षणासाठी शहरात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना प्रवेशपत्राइतकीच एका खोलीची गरज असते. नाव ऐकताच ती खोली ‘गेलेली’ असेल, तर हाती आलेला प्रवेशही निसटतो. म्हणून हा इतिहास आपणही अभ्यासला पाहिजे.