गोचिडीतील रक्तपचन

यजमान प्राण्याच्या रक्तातील प्रथिने आतड्याच्या पोकळीत न पचवता आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या आत फोडण्याची गोचिडीची रीत. डासाची रीत उलटी आहे: त्याच्या आतड्याच्या पोकळीत ट्रिप्सिनसारखी विकरे पाझरतात आणि प्यायलेले रक्त तिथेच पचते. गोचिडीच्या पोकळीत तांबड्या पेशी फुटतात. पण सुटे झालेले हिमोग्लोबिन तिथे नुसते साठून राहते.

गोचिडी सहज आढळणारा पश्चिम घाटातला एक भाग म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका (पूर्वीचा सुपा). तो बहुतांशी जंगलाचा. काळी व्याघ्र प्रकल्पाचा मोठा भाग त्यात येतो. रानात चरून आलेल्या गुरांच्या कानामागे, कासेजवळ गोचिडी दिसणे या पट्ट्यात नित्याचे. पश्चिम घाटातील हिमाफायसालिस स्पायनिजेरा या जातीची गोचीड अळी, निम्फ आणि प्रौढ अशा प्रत्येक अवस्थेत एकदाच रक्त पिते, दर वेळी नव्या प्राण्यावर, आणि मधला काळ पालापाचोळ्यात काढते. अळ्या व निम्फ उंदीर, पक्षी, माकडे यांवर, तर प्रौढ गुरे आणि सांबरासारखे मोठे प्राणी यांवर आढळतात. माणसाला चावतात ते मुख्यतः निम्फ, डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत. एवढ्या विरळ जेवणावर जगायचे तर रक्त साठवून हळूहळू पचवणे सोयीचेच. पोकळी हे कोठार आणि पेशी हे स्वयंपाकघर.

या पचनाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो युरोपातील आयक्सोडेस रिसिनस या गोचिडीवर, विशेषतः चेक शास्त्रज्ञांकडून. हिमाफायसालिस वंशातल्याच लाँगिकॉर्निस जातीवर जपानमध्ये झालेल्या कामातही याच कुळातील विकरे सापडली. पचनपेशीच्या पृष्ठभागावर हिमोग्लोबिन पकडले जाते, पेशीपटल तिथे आत वळते आणि त्याची पुटिका बनते. अल्ब्युमिन मात्र द्रवाच्या घोटाबरोबर सरसकट आत ओढले जाते. पुटिकेतील आम्लता वाढत सामू ४ च्या आसपास उतरतो. मग कॅथेप्सिन डी, कॅथेप्सिन एल आणि लेगुमेन ही विकरे प्रथिनाचे मोठे तुकडे पाडतात. कॅथेप्सिन बी आणि सी त्यांचे आणखी बारीक तुकडे करतात. शेवटी उरणारी अमिनो आम्ले गोचिडीच्या वाढीसाठी व अंड्यांसाठी वापरली जातात.

माणसाच्या शरीरातही असे काम चालते. सुमारे १२० दिवस जगलेल्या तांबड्या पेशी प्लीहा व यकृतातील भक्षकपेशी गिळतात आणि आम्लधर्मी लायसोसोममध्ये हिमोग्लोबिनचा प्रथिनभाग, म्हणजे ग्लोबिन, फोडतात. पुढची वाट मात्र वेगळी आहे. भक्षकपेशी हीम ऑक्सिजनेज या विकराने हीमचे (हिमोग्लोबिनमधील लोहधारी भागाचे) वलय उघडतात, लोह पुन्हा वापरात आणतात आणि उरलेल्या भागाचे बिलिरुबिन होते. गोचिडीकडे हे विकर नाही. लोहाची गरज ती यजमानाच्या रक्तातील ट्रान्सफेरिनमधून भागवते. तिला हीम स्वतः तयारही करता येत नाही. म्हणून थोडे हीम राखून अंड्यांकडे पाठवले जाते आणि विषारी ठरणारे बाकीचे पचनपेशींतील हिमोसोम नावाच्या गडद कणांत बंदिस्त होते. हे हीम किती निकडीचे, ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. हिमोग्लोबिनविरहित रक्तजलावर पोसलेल्या माद्यांनी अंडी घातली, पण त्यांतून अळ्या बाहेर आल्या नाहीत. रक्तातले सर्वांत मुबलक प्रथिन अन्न म्हणून टाळता येते, हीमचा पुरवठा म्हणून नाही, ही या विषयातली मला सर्वांत नवलाची बाब वाटते.

पोकळीत तीव्र पाचक विकरे नसल्याने रक्ताबरोबर आलेले विषाणू तिथे टिकू शकतात, असे मानले जाते. स्पायनिजेराच्या चाव्यातून पसरणारा माकडताप हे त्याचे घाटातले उदाहरण. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) हा विषाणू वेगळा केला. पुढे हा ताप उत्तर कन्नडसह शेजारच्या जिल्ह्यांत पसरला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आढळला.

याच पोकळीत यजमानाची प्रतिपिंडेही शाबूत राहतात. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्याचा उपयोग करून घेतला. गुरांवरील ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गोचिडीच्या पचनपेशींवर असलेले बीएम-८६ हे प्रथिन त्यांनी लशीसाठी निवडले. लस टोचलेल्या गुराचे रक्त प्यायले की त्यातील प्रतिपिंडे गोचिडीचीच आतडी फाडतात. १९९० च्या दशकात ही लस ऑस्ट्रेलियात आणि क्यूबात बाजारात आली. मायक्रोप्लस तिन्ही अवस्थांत एकाच गुरावर रक्त पिते, म्हणून तिच्याविरुद्ध हा उपाय लागू पडतो. स्पायनिजेराच्या अळ्या व निम्फ रानउंदीर आणि पक्ष्यांवर पोसले जातात; त्या प्राण्यांना लस टोचायला कोणी जाणार नाही.