कल्याणला सगळ्यांनी खाली उतरा

मंडळी, गेले दोन-तीन विकांत मी 1896-97 च्या प्लेगबद्दल मिळेल ते वाचतोय. प्लेग म्हटलं की आपल्याला पुणे, रँड आणि चाफेकर आठवतात, कारण शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं. पण त्या गोष्टीत आपलं कल्याणही आहे, आणि ते कोपऱ्यात उभं नाहीये.

आधी थोडा भूगोल. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि 1 मे 1854 ला ती कल्याणपर्यंत आली. पुढे इथूनच रूळ फुटले. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाट चढून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून बोर घाट चढून पुण्याकडे. म्हणजे जीआयपीच्या गाडीने मुंबईहून देशावर जायचं तर कल्याण चुकवता येत नाही. आमच्या धंद्यात याला नाक्याचा सर्व्हर म्हणता येईल. सगळी रहदारी त्याच्यातूनच जाणार, तेव्हा तपासणी बसवायची तर तिथेच. ब्रिटिश साहेबालाही हेच सुचलं.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. नंतर मुंबई रिकामी होऊ लागली. 1891 च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. त्यातले पावणेचार लाख लोक फेब्रुवारी 1897 पर्यंत निघून गेले असा तेव्हाचा अंदाज आहे. गिरणी कामगार कोकणात बोटीने गेले, बाकीचे रेल्वेने. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला. (हो, तोच. 2020 च्या मार्चमध्ये आपल्याला बातम्यांतून पाठ झालेला.) त्याने सरकारला प्रवासी थांबवायचा, तपासायचा आणि वेगळा ठेवायचा अधिकार दिला.

मग कल्याणला गाडी थांबायची आणि लोकांना खाली उतरवून रांगेत उभं करायचे. नाडी बघायची, ताप बघायचा, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचं. रेल्वेवरच्या या तपासणीत बायकांची काय कुचंबणा झाली असेल याची कल्पना करा. उघड्या फलाटावर परका पुरुष हात लावणार! त्यावरून वर्तमानपत्रांतून इतकी ओरड झाली की बायकांना तपासायला बायका नेमाव्या लागल्या, आडोसा करावा लागला. जो संशयित वाटेल त्याला बाजूला काढायचं, बाकीच्यांना पुढे सोडायचं.

आता यातला बग बघा. प्लेगची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत एक ते सात दिवस जातात. मुंबईहून कल्याणला यायला काही तास. म्हणजे काल लागण झालेला माणूस आज इथून टुणटुणीत पुढे जाणार. शिवाय रोग पसरतो उंदरावरच्या पिसवेमुळे, आणि ते पॉल-लुई सिमों याने कराचीत दाखवून दिलं 1898 मध्ये. कल्याणच्या फलाटावर माणसं चाचपली जात होती आणि पिसवा गाठोड्यातून, धान्याच्या पोत्यातून निवांत प्रवास करत होत्या. कपडे वाफवायची, धुवायची सोय काही ठिकाणी होती. पण पिसू मारायला म्हणून नाही. 1896 संपायच्या आत प्लेग पुण्यात पोचला होता, आणि तपासणीचा नाका असलेलं कल्याणही त्यातून सुटलं नाही.

असो. तपासणीवर बरंच लिहिलं गेलंय. मला खरा प्रश्न पडला तो पुढचा. सापडलेल्या माणसाचं पुढे काय? त्याला कुणी उचललं, कशावर घातलं, कुठे नेलं, बरोबर कोण गेलं, घरी कुणी कळवलं? अहवालांत तपासलेल्यांचे आणि अडवलेल्यांचे आकडे सापडतात. ही मधली वाट मात्र पुसट आहे. आणि माझं म्हणणं असं की त्या साथीत सगळं बिघडलं ते या मधल्या वाटेवरच, इस्पितळात किंवा प्रयोगशाळेत नव्हे.

मुंबईत 29 ऑक्टोबर 1896 ला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर (आजचं कस्तुरबा) हल्ला केला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, आत त्याचं तेल काढून मोमियाई करतात अशी अफवा होती. हसू येतं, पण जरा त्यांच्या बाजूने बघा. माणूस दारातून उचलून नेला, भेटायला सोडत नाहीत, आणि चार दिवसांनी कळतं की गेला. मधलं काहीच दिसत नाही म्हटल्यावर माणूस ती जागा कशाने तरी भरणारच. 9 मार्च 1898 चा मुंबईचा दंगा तर सरळ दारातच सुरू झाला. मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या घरातल्या एका आजारी मुलीला तपासायला प्लेगचं पथक गेलं आणि तिथे ठिणगी पडली.

पुण्यात मार्च 1897 पासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरं झडू लागल्या. पेशंट इस्पितळात, घरची माणसं स्वारगेटच्या विलगीकरण छावणीत, सामानाची होळी. घर एका फटक्यात तीन ठिकाणी. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून तक्रार केली की त्यांच्याकडची एक मुलगी प्लेगच्या व्यवस्थेत नेल्यावर हरवली. सरकारने आरोप फेटाळला. खरंखोटं आज ठरवणं अवघड आहे. पण कुरिअरचं पार्सल कुठवर आलंय ते फोनवर बघणाऱ्या आपल्या पिढीला त्या तक्रारीचं वजन कळायला हवं. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली, ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊ. हल्ली जगभर अशा वाहतुकीची आधी रंगीत तालीम करतात. एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने असा एक भलामोठा सराव केला. वेगवेगळ्या गावांत इबोलाची लक्षणं असलेले खोटे पेशंट उभे केले आणि त्यांना रुग्णवाहिका, विमान, पुन्हा रुग्णवाहिका असं करत खास उपचार केंद्रांपर्यंत नेलं. आपल्याकडे 27 ते 31 ऑगस्ट 2024 या काळात राजस्थानात अजमेर जिल्ह्यात ‘विषाणू युद्ध अभ्यास’ झाला. प्राण्यांतून माणसांत आलेल्या काल्पनिक रोगाची साथ उभी करून कोण किती लवकर हलतं ते पाहिलं गेलं.

ज्यांनी कधी शनिवारी रात्री रिलीज केलंय त्यांना हा प्रकार लगेच कळेल. कागदावर सगळं चालतं. ड्राय रन घेतला की कळतं स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नाही. चालकाच्या केबिनला पार्टिशन आहे, पण खिडकी उघडी. पेशंट इथून निघाला आणि तिकडच्या गेटवरच्या वॉचमनला कुणी सांगितलेलंच नाही. सगळ्यात धोक्याचा क्षण पेशंटला हात लावण्याचा असेल असं वाटतं, पण काम संपल्यावर थकलेला माणूस संरक्षक पोशाख उतरवतो तो क्षणही तितकाच वाईट. म्हणून उतरवताना शेजारी उभं राहून एकेक पायरी मोठ्याने वाचणारा दुसरा माणूस ठेवतात. आमच्याकडे प्रॉडक्शनवर कमांड मारताना सीनियर मागे उभा राहतो, तसंच :)

कल्याण-डोंबिवलीने याची तालीम फारशी केली नव्हती. परीक्षाच थेट आली. मार्च 2020 मध्ये केंद्राने कोविड पेशंट नेण्याची कार्यपद्धती काढली: वेगळी रुग्णवाहिका, कर्मचाऱ्यांना पोशाख, फेरी झाली की सोडियम हायपोक्लोराइटने पुसून घेणं. कागद चांगलाच होता. त्या वर्षी आमच्या सोसायटीतून एका काकांना नेलं तेव्हा मी गॅलरीत होतो. जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. पांढऱ्या पोशाखातली दोन मुलं त्यांना खुर्चीत बसवून वळणावळणाने खाली आणत होती. समोरच्या विंगमधले लोक मोबाईलवर शूटिंग करत होते. काकू दारात उभ्या राहून विचारत होत्या, “अहो, पण नेताय कुठे?” त्या मुलांनाच अजून पक्कं माहीत नव्हतं. बेड कुठे मिळतोय ते फोनवर चाललं होतं. त्या मुलांना दोष देण्यात काही अर्थ नाही, त्यांनी काकांना अगदी जपून आणलं. पण प्रश्न 1897 चाच होता. (काका बरे होऊन आले. हल्ली पुन्हा पार्किंगवरून भांडतात.)

4 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण जाहीर झाला तोही कल्याण-डोंबिवलीचाच. दक्षिण आफ्रिकेहून परतलेला. त्याला काही दिवसांत बरं होऊन घरी सोडलं. तोवर महापालिकेचा हात बसलेला होता. दीड वर्षाचा रोजचा सराव होता ना!

पुन्हा प्लेगकडे येतो, कारण तिथे एक गोष्ट राहिली. सरकारने 1898 पासून हळूहळू जबरदस्ती सैल केली. निरनिराळ्या जातींना, समाजांना आपापली प्लेग इस्पितळं काढू दिली. पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल निघालं होतं, टिळक त्यात होते. जातवार इस्पितळं हा आज ऐकायला कसातरीच वाटणारा उपाय, पण बरोबर आपला माणूस, आत ओळखीचा चेहरा आणि पाण्याची, जेवणाची खात्री असेल तर लोक आपणहून जाऊ लागले. औषध तेच, रोग तोच. बदलली ती नेण्याची रीत.

अर्थात त्या जातवार सोयीत कुणाची सोय नव्हती तेही बघा. यशवंतराव फुल्यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा आजारी असल्याचं कळल्यावर सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन तिथवर गेल्या. वय 66. अंगात पोशाख नाही, तोंडाला फडकं असेल-नसेल. मुलगा वाचला असं चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. पुण्यात सोल्जरांच्या झडत्या सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी.

वाहतुकीच्या नियमात बसवायचं तर सावित्रीबाईंची फेरी सपशेल फेल. वाहणारा सुरक्षित राहिला नाही. रँडची फेरी कागदावर पास. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसणारी पद्धत हवी असेल तर तालमीची संहिता थोडी बदलावी लागेल. सध्या अशा तालमीत खोटा पेशंट असतो, खोटा ताप असतो. माझी सूचना: पुढच्या वेळी एक खोटी काकूही ठेवा. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर, दारात उभी. तिला एकच प्रश्न विचारायला सांगा, आणि उत्तर यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून लिहून घ्या.